हृदयाच्या ऑपरेशननंतर बीपी वर-खाली का होते?

हृदयाचे ऑपरेशन करून कुणी घरी आले की वस्तीत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "नळ्या मोकळ्या झाल्या, आता बीपीची गोळी कशाला?" दुसरा म्हणतो, "दवाखान्यानं जुनी गोळी बंद केली, विसरले असतील, आपण चालू करू." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात, पण दोन्ही जिवावर बेतू शकतात. असे का, ते समजून घेऊ या.

आपला रक्तदाब फक्त हृदय ठरवत नाही. मूत्रपिंड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आणि मेंदू हेही तो ठरवतात. ते रक्तातून एकमेकांना निरोप धाडतात. या निरोपांना हार्मोन म्हणतात, मराठीत संप्रेरके.

रक्ताचा जोर कमी झाला असे मूत्रपिंडाला वाटले की ते रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते. मग अल्डोस्टेरॉन येते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन येते, तेही पाणी राखते आणि वाहिन्या आवळते. भीती, वेदना, जखम असली की अ‍ॅड्रेनॅलिन वाढते. या सगळ्यांचे काम एकच, दाब टिकवणे.

उलट काम करणारे हार्मोन खुद्द हृदयातच तयार होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना ताण बसला की ते एएनपी नावाचे हार्मोन सोडतात. त्याने लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर जाते आणि दाब उतरतो. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचून हे दाखवून दिले. हृदय नुसता पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे, हे तेव्हा कळले.

ऑपरेशनमध्ये काय होते?

बऱ्याच ऑपरेशनांत हृदय काही वेळ थांबवतात. तेवढा वेळ रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरते. असे यंत्र माणसावर पहिल्यांदा यशस्वी झाले ते ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेत, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून. यंत्र जीव राखते, पण शरीराला तो मोठा धक्का असतो. यंत्रातल्या द्रवामुळे रक्त पातळ होते आणि प्रवाहाची नेहमीची धडधड राहत नाही. मूत्रपिंडाला वाटते, संकट आले. दाब वाढवणारी हार्मोन्स एकदम उसळतात. काही ठिकाणी यंत्राविना, धडकत्या हृदयावरच बायपास करतात. तिथेही चिरफाडीचा ताण बसतोच.

म्हणून पहिल्या काही तासांत कुणाचा दाब भडकतो, तर कुणाचा एकदम पडतो. काही पेशंटच्या शरीरातला व्हॅसोप्रेसिनचा साठा अपुरा पडतो आणि वाहिन्या सैल होतात. तेव्हा तेच हार्मोन औषध म्हणून थेंबथेंब शिरेतून देतात. आयसीयूत सिस्टर मिनिटामिनिटाला आकडे बघते आणि लघवी मोजते, ती याचसाठी. अंगावर सूज येते, वजन वाढते, तेही धरून ठेवलेल्या मीठ-पाण्यामुळे. बहुतेकांचे हे सारे पुढच्या दिवसांत हळूहळू ताळ्यावर येते.

घरी आल्यावर

या काळात जुना डोस लागू पडेलच असे नाही. रक्त कमी झालेले असते, जेवण कमी असते, नवी औषधे सुरू असतात. दाब खाली असताना जुनी गोळी घेतली तर चक्कर येऊन माणूस पडतो. उलट, ठोके आवरणारी गोळी अचानक सोडली तर हृदयावर एकदम ताण येतो. म्हणून चालू करणे असो की बंद करणे, डॉक्टरांना विचारूनच.

रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलोपेक्षा जास्त वाढले, पाय सुजले, आडवे पडल्यावर दम लागला, तर थांबू नका, दाखवा. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा.

मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. त्यात पापड, लोणचे, सुकट, खारे बोंबील, फरसाण सगळे आले. दुकानातले 'कमी सोडियम'चे मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असते, काही बीपीच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढते.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. त्यांनी मीठ-पाणी अंगात साठते आणि मूत्रपिंडाला इजा होते. पण रक्त पातळ ठेवण्यासाठी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

डिस्चार्जच्या दिवशी विचारा

कार्ड इंग्रजीत असते आणि घाईत हातात पडते. तरी जागचे हलू नका. विचारा : जुन्या कोणत्या गोळ्या बंद, कोणत्या चालू? दाब किती खाली आला तर गोळी थांबवून फोन करायचा? दिवसाला पाणी किती प्यायचे? रक्त-लघवीची तपासणी कधी? उत्तरे मराठीत लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झाले असेल तर पुढच्या तपासण्या आणि औषधांतले काय योजनेत बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

डॉक्टर हृदयाची वाट मोकळी करून देतात. पण शरीरातल्या या निरोपांची घडी बसायला वेळ लागतो. तो वेळ वही, वजनकाटा आणि प्रश्न विचारायची हिंमत यांच्या बळावर काढायचा असतो. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो पेशंटचा हक्क आहे.