तळघराच्या भिंतीला ओल का येते?

शिकागो, टोरांटोसारख्या थंड प्रदेशांत बहुतेक घरांना तळघर असते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी:

● कारण : २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे १९ अंश असतो. जमिनीत गाडलेली भिंत त्याहून थंड असली, की बाष्पाचे पाणी होऊन ती पाझरल्यासारखी दिसते.

● चाचणी : भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूवर थेंब दिसले तर दोष हवेतल्या दमटपणाचा. मागच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे.

● आधी बाहेरचे पाणी : पन्हळीचे पाणी पायापासून दूर सोडा. जमिनीचा उतार घराच्या उलट दिशेला हवा. गळती थांबल्याशिवाय भिंत झाकू नका.

● योग्य उष्णतारोधक थर : एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमचे दोन इंची तक्ते काँक्रीटला सलग चिकटवा आणि सांधे टेपने बंद करा. घरातली हवा थंड काँक्रीटपर्यंत पोहोचताच कामा नये. फोम पेट घेऊ शकतो, म्हणून त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड हवाच.

● हे टाळा : काँक्रीटला टेकवलेली काचतंतूची गादी आणि त्यावर प्लॅस्टिक. आत अडकलेली ओल सुकत नाही, लाकडी चौकट कुजते, बुरशी धरते.

● उन्हाळ्यात : खिडक्या बंद ठेवून डिह्युमिडिफायर चालवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या.