झाडीपट्टीची मंडई : वर्गणीतून उभं राहणारं मोफत गाणं-बजावणं

शहरात मोफत मैफल म्हटली की कुणी तरी प्रायोजक असतो, बागेत किंवा चौकात मंच असतो, शनिवार-रविवार असतो. मुंबईचा काळा घोडा महोत्सव 1999 पासून असाच फुकट चालतो, आणि तिथे गर्दीही लोटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात प्रायोजक नाही, छापील कार्यक्रमपत्रिकाही बहुधा नाही. पण कुणालाही दाराशी न अडवता दिवसभर गाणं-बजावणं ऐकवायची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिचं नाव मंडई.

मंडई कधी आणि कुठे

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धान, तलाव आणि जंगल यांचा हा प्रदेश. दिवाळीत गायगोधनाची पूजा होते, गोवारी समाजाची ढाल निघते आणि भाऊबीजेच्या सुमारास गावोगावच्या मंडया सुरू होतात. एका पंचक्रोशीतल्या दोन गावांची मंडई सहसा एकाच दिवशी येऊ देत नाहीत, म्हणजे पाहुण्यांना दोन्हीकडे जाता येतं.

लेकी-जावई येतात, शिंगाडे-ऊस-मिठाईची दुकानं लागतात, सोयरिकीच्या गोष्टीही इथेच निघतात. पण बाजार हे मंडईचं निम्मं अंगच झालं. उरलेलं निम्मं गाण्याचं.

फुकट म्हणजे कुणाच्या पैशाने?

गावाच्या. मंडळ वर्गणी काढतं, गाणाऱ्या-नाचणाऱ्या पार्टीची बिदागी ठरवतं, कलावंतांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय घराघरांत होते. ऐकणाऱ्याला तिकीट नाही एवढाच ‘फुकट’चा अर्थ. म्हणून मंडईत समोर बसणारा माणूस नुसता प्रेक्षक नसतो. त्याने धानाच्या पैशातून आपला वाटा दिलेला असतो, आणि शाहीर ढिला पडला तर तसं तोंडावर सांगायचा हक्कही त्याला असतो. मला हा हक्क फार मोलाचा वाटतो. कलावंताला सरळ, जागच्या जागी पावती देणारा श्रोता आज फारसा कुठे उरलेला नाही.

दिवसाउजेडी : दंडार आणि खडीगंमत

दंडार हा झाडीपट्टीचा जुना लोकनाट्यप्रकार. गणाने सुरुवात, मग गाणी, नाच, सोंगं आणि कथेचे तुकडे. कलाकार गावातलेच शेतकरी-मजूर, आणि स्त्रीपात्रंही परंपरेने पुरुषच करत आले.

खडीगंमत उभ्याने चालते. शाहीर गातो, मागे झीलकरी ओळ उचलतात, ढोलकी-डफ-तुणतुण्याची साथ असते, नाच्या आणि विनोदी सोंगाड्या रंग भरतात. ‘दुय्यम’ असेल तर दोन शाहिरांचा सामना लागतो : एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. इथे पाठांतर थोडा वेळ पुरतं, पुढे हजरजबाबीच लागते.

एक गोष्ट मुद्दाम जवळून पाहावी. कार्तिकातल्या दवाने डफाचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. वाजवणारा तणसाच्या जाळावर डफ धरतो, फिरवतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा धरतो. कातडं ताणलं की आवाज टणक होतो. जास्त तापलं तर फाटतं, म्हणून जाळापासूनचं अंतर हातालाच माहीत असावं लागतं.

खंजिरी आणि रेला

चंद्रपूरकडच्या गावात भजनाचा फड लागला तर खंजिरी हमखास ऐकू येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरी भजनातून ग्रामसुधारणेचा आणि स्वातंत्र्याचा विचार गावोगाव नेला. 1942 च्या चिमूर लढ्यानंतर त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया-गोंड गावांत चित्र वेगळं. तिथल्या रेला नाचात गाणारे आणि ऐकणारे असे दोन गट नसतातच. हातात हात गुंफून गोल धरायचा आणि गायचं.

रात्रीचं नाटक आणि खड्ड्यातला ऑर्गन

मंडईच्या रात्री नाटक लागतं. त्याला तिकीट असतं, हे आधीच सांगून ठेवतो. पूर्वी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, लांबून आलेल्या पाहुण्यांची रात्र रंगावी म्हणून नाटकं होत, आणि त्यातूनच झाडीपट्टी रंगभूमी वाढली. दिवाळी ते होळीच्या आसपास तिचा हंगाम असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मुख्य ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथेच आहेत. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

मला या नाटकात सर्वांत जास्त ओढ आहे ती रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या वादकांची, त्यातही ऑर्गनवाल्याची. संगीत नाटकांच्या वैभवकाळात मराठी रंगभूमीवर ऑर्गन मानाने बसला. शहरात तो जवळजवळ दिसेनासा झाला; झाडीपट्टीत तो अजून वाजतो, जोडीला तबला आणि आता ऑक्टोपॅड.

हातपेटीत एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. उजव्याने गाण्याची चाल, डाव्याने खालचे भरणाचे स्वर. पियानोचा स्वर तारेवर आघात झाल्यावर विरत जातो. ऑर्गनचा स्वर पाय चालू आहे तोवर टिकतो. उघड्यावर, थंडीत, शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचवायला हा टिकाऊ स्वर कामी येतो.

काम मात्र जाझ पियानोवादकासारखंच, समोर कागद नसताना निभावण्याचं. एक नट काळी एकमध्ये गातो, नटी काळी चारमध्ये. ऑर्गनवाल्याने प्रवेशागणिक पट्टी बदलायची. नटाने संवाद लांबवला तर मधली जागा भरायची, ‘वन्स मोअर’ आला की मुखडा पुन्हा उचलायचा, गायक चुकला तर त्याला हळूच सुरावर आणायचं. मुंबईत 1978 मध्ये सुरू झालेल्या ‘जाझ यात्रा’ महोत्सवात रसिक याच तयारीला दाद देत होते. इथल्या ऑर्गनवाल्याचं नाव पोस्टरवर नटांच्या खाली, बारीक अक्षरात येतं. ते मोठ्या अक्षरात यायला हवं, आणि मानधनही त्या तोलाचं हवं.

जायचं असेल तर

वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे, पुढे एसटी. मंडईची तारीख गावकरी ठरवतात, तेव्हा चौकातले पोस्टर वाचा किंवा ओळखीच्या घरी विचारा. दुपारी पोचा, म्हणजे खडीगंमत चुकणार नाही. गरम कपडे आणि बसायला चादर न्या, कारण नाटक पहाटेपर्यंत चालतं. शाहिराला बक्षीस द्यायचं असेल तर ढोलकीवाल्याचं वेगळं द्या. आणि रात्रीचं तिकीट पुढच्या रांगेचं काढा. ऑर्गनवाल्याचे हात तिथूनच दिसतात.