जेन, रेचेल आणि अलिबागचा प्लॉट

काऊबॉयची पुस्तकं म्हणजे घोडे, पिस्तुलं आणि धूळ, एवढंच वाटत असेल तर झेन ग्रेची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ (१९१२) एकदा हातात घ्याच. लेखक मूळचा डेंटिस्ट. दुखरी नस त्याला बरोबर सापडते! १८७१चं युटा. जेन विदरस्टीनकडे वडिलोपार्जित रँच, गुरं आणि गावाचं पाणी. ती मॉर्मन, पण बिगरमॉर्मनांना जवळ करते, म्हणून तिच्याच पंथाचे पुढारी उलटतात. एल्डर टलला तर तिच्याशी लग्नच करायचंय. जमिनीसकट!

वाचताना मला सारखं अलिबाग आठवत होतं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं बेने इस्रायली सांगत आले. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद. म्हणून ‘शनवार तेली’. आडनावंही इथलीच: किहीमकर, पेणकर, रोहेकर. १९४८नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. मागे सिनेगॉगं राहिली, आणि त्यांच्या जागा.

एस्थर डेव्हिडच्या ‘बुक ऑफ रेचेल’मध्ये (२००६, साहित्य अकादमी २०१०) हेच दुखणं आहे. दांड्याची एकटी रेचेल सिनेगॉग झाडूनपुसून ठेवते आणि ती जागा बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून भांडते. समोर पुन्हा आपलीच माणसं. जेनसाठी लॅसिटर पिस्तूल काढतो. रेचेलकडे एक वकील आणि स्वयंपाकघर. तरी मला विचाराल तर रेचेलच जास्त चिवट.

आमच्या ऑफिसातले तिघं सध्या अलिबागेत प्लॉट बघताहेत. पुस्तक त्यांच्या डेस्कवर ठेवून आलोय.