घरगुती बिटकॉइन सर्व्हरचे मौन : दोषनिदानाचा क्रम
(मुंबई उपनगरांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. पारेषण यंत्रणेतील बिघाडाचा हा परिणाम होता. लोकलगाड्या मार्गातच थांबल्या, कोरोनाच्या त्या काळात घरून चालणारी कामे थंडावली आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अत्यावश्यक सेवांचा पुरवठा दुपारपर्यंत पूर्ववत होऊ लागला. उपनगरांतील काही भागांना मात्र बराच अधिक काळ प्रतीक्षा करावी लागली.

या घटनेची चर्चा रेल्वे, रुग्णालये व परीक्षा यांच्या अनुषंगाने झाली आणि ते स्वाभाविकच होते. परंतु अशा प्रसंगाचा आणखी एका लहानशा वर्गाशी संबंध येतो. राहत्या सदनिकेत चोवीस तास चालणारा सर्व्हर ठेवून त्यावर बिटकॉइनच्या सेवा स्वतः चालविणाऱ्यांचा हा वर्ग होय. वीज गेल्यावर असा सर्व्हर बंद पडतो, यात नवल नाही. वीज परत येते, यंत्रावरील दिवा लागतो, पंखा फिरतो आणि तरीही यंत्र कोणत्याही हाकेला उत्तर देत नाही, तेव्हा खरी अडचण सुरू होते. या अवस्थेत मूळ बिघाडामुळे कायमचे नुकसान क्वचितच होते. घाईने योजलेल्या उपायामुळे ते अधिक वेळा होते. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोड म्हणजे काय आणि तो घरी का?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची संकल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक नवा ब्लॉक आधीच्या ब्लॉकला जोडला जात आहे. एखाद्या पतपेढीची संपूर्ण खतावणी प्रत्येक सभासदाने आपल्या घरी ठेवावी आणि प्रत्येक नवी नोंद स्वतः तपासूनच मान्य करावी, अशी ही व्यवस्था आहे. खतावणीची प्रत बाळगून तपासणी करणाऱ्या संगणकास 'नोड' म्हणतात. ही प्रत आता ६०० गिगाबाइटच्या पुढे गेली आहे.

भारतात हा व्यवहार करणाऱ्या बहुसंख्य व्यक्ती विनिमय केंद्रांवर विसंबून असतात. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमय केंद्रातून २३ कोटी डॉलरांहून अधिक मूल्याची आभासी मालमत्ता चोरीस गेली व ग्राहकांना आपली मालमत्ता काढून घेणे दीर्घकाळ अशक्य झाले. किल्ल्या स्वतःच्या हाती आणि खतावणी स्वतःच्या घरी, हा आग्रह अशा अनुभवांतून बळावतो. मात्र त्याबरोबर विनिमय केंद्राच्या तंत्रज्ञांचे कामही गृहस्थाच्याच अंगावर येते, हे सहसा नंतर उमगते.

उपनगरी सदनिकेत असा सर्व्हर म्हणजे बहुधा पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेले रास्पबेरी पाय किंवा तत्सम छोटे यंत्र व त्याला जोडलेली एक-दोन टेराबाइटची डिस्क असते. त्यावर बिटकॉइन कोअर ही मूळ प्रणाली, शिलकीचा शोध घेणारा इलेक्ट्रम सर्व्हर, त्वरित देवघेवीसाठी लाइटनिंग नोड आणि बाहेरून गुप्त संपर्कासाठी टॉर अशा सेवा एकीवर एक रचलेल्या असतात.

उत्तर नेमके कोण देत नाही?

'सर्व्हर बंद आहे' हे निदान नव्हे, ती केवळ तक्रार आहे. ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, याचा अर्थ वीज, यंत्र, स्थानिक जाळे, डिस्क, कार्यप्रणाली आणि सेवा यांपैकी कोणता तरी एक दुवा तुटला आहे, एवढाच होतो. म्हणून तपासणी खालून वर करावी. अनुभवी वायरमन दिवा लागत नसल्यास प्रथम मुख्य फ्यूज पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर यांचा, तर मुलुंड-भांडुप भागात महावितरणचा वीजपुरवठा आहे. पुरवठादार कोणीही असो, घरातील इन्व्हर्टरवर लोड जाताना क्षणभराचा खंड पडतो. माणसाच्या डोळ्यांना तो जाणवेल असे नाही. पण लहान संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू झालेला असू शकतो. त्यामुळे 'वीज गेलीच नव्हती' या विधानावर विश्वास न ठेवता यंत्र किती वेळापासून चालू आहे, हे त्यालाच विचारावे. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास नोंदवहीत अपुऱ्या दाबाची सूचना उमटते. मोबाइलचा जुना चार्जर लावून डिस्कसह यंत्र चालविले, तर डिस्क अधूनमधून नाहीशी होते आणि दोष मात्र बिटकॉइनच्या प्रणालीवर ढकलला जातो. मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेले यंत्र ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की स्वतःची गती कमी करते. अशा वेळी ते बंद नसते, फक्त मंदावलेले असते.

स्थानिक जाळ्याचे दोष बहुधा किरकोळ असतात. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हरला नवा पत्ता मिळतो आणि वापरणारा जुन्याच दारावर थाप मारत राहतो. राउटरच्या पानावरील जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली की हा प्रश्न सुटतो. त्याच यंत्राला कायम तोच पत्ता द्यावा, अशी नोंद राउटरमध्ये करून ठेवणे इष्ट.

घड्याळाचा प्रश्न

येथे एका कमी परिचित दोषाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेल्यावर ते वेळ विसरते आणि चालू होताना शेवटी नोंदलेली वेळ खरी मानते. इंटरनेट असेल, तर काही क्षणांत वेळ दुरुस्त होते. परंतु इमारतीच्या जिन्यातील केबलवाल्याच्या पेटीला स्वतंत्र विजेची सोय नसते. त्यामुळे घरात दिवे आले तरी इंटरनेट येण्यास विलंब लागतो आणि तोवर यंत्र भूतकाळातच वावरत असते. टॉर ही सेवा चुकीच्या वेळेवर जोडणी करू शकत नाही. शिवाय, स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून अधिक पुढची वेळ धारण करणारा ब्लॉक नोडने स्वीकारू नये, असा बिटकॉइनचा नियम आहे. घड्याळ पाच तास मागे राहिले, तर सारे जगच नोडला भविष्यकाळातील वाटते आणि तो खरे ब्लॉक नाकारीत बसतो. वेळ दुरुस्त होताच तेच ब्लॉक निमूटपणे स्वीकारले जातात. येथे दुरुस्ती काहीच नाही, केवळ घड्याळ पाहणे आहे. आणि नेमके तेच कोणी पाहत नाही.

मौन नव्हे, तयारी

बिटकॉइन कोअर व्यवहारांच्या शिलकीचा तक्ता बराच वेळ स्मृतीत ठेवते व मधूनमधून डिस्कवर लिहिते. वीज अचानक गेली की न लिहिलेला भाग हरवतो. पुन्हा सुरू झाल्यावर प्रणाली शेवटच्या लिहिलेल्या स्थितीपासून ब्लॉक नव्याने तपासत येते. लहान यंत्रावर या कामास काही मिनिटेच काय, काही तासही लागू शकतात. या अवधीत तिला प्रश्न विचारल्यास उणे २८ या क्रमांकाचा दोष परत येतो. त्याचा अर्थ 'अद्याप तयारी चालू आहे' एवढाच. पण वरच्या थरातील पडदा हा अर्थ सांगत नाही. तेथे फक्त 'सेवा उपलब्ध नाही' असे दिसते.

येथेच पहिली चूक घडते. अधीर झालेला मालक यंत्राची वायर काढून पुन्हा लावतो. अर्धवट झालेली तपासणी वाया जाते आणि पुढच्या वेळी तोच प्रवास पुन्हा सुरू होतो. दोन-तीनदा असे केल्यावर तक्ता खरोखरच बिघडण्याची शक्यता वाढते. रीतसर बंद करतानाही घाई नडते. सेवा ज्या डॉकर या व्यवस्थेत चालतात, ती थांबण्याचा आदेश दिल्यानंतर मूळ रचनेनुसार दहा सेकंदच वाट पाहते व मग सेवा जबरीने बंद करते. नोडला मात्र तक्ता लिहून होण्यास मिनिटे लागतात. म्हणून ही मुदत वाढवून ठेवलेली आहे की नाही, हे एकदा तपासून घ्यावे.

प्रतीक्षा करूनही उलगडा न झाल्यास नोंदवही उघडावी. तिच्या शेवटच्या ओळी पुढे सरकत असतील, तर नोड जिवंत आहे. त्या थांबल्या असतील, तर डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. जागा संपत आल्यास बिटकॉइन कोअर स्वतःहून थांबते. एक टेराबाइटची डिस्क खतावणी व तिच्या अनुक्रमणिका मिळून अपेक्षेपेक्षा लवकर भरते. जागा करण्यासाठी ब्लॉकच्या फायली हाताने पुसणे हा मात्र अपायकारक उपाय होय. तक्ता बिघडल्याचे स्पष्ट झाल्यास तो डिस्कवरील ब्लॉकमधूनच पुन्हा बांधण्याची सोय प्रणालीत आहे. त्यास दिवस लागतील, परंतु काही हरवणार नाही.

काय पुन्हा मिळते, काय मिळत नाही

खतावणी जगातील हजारो नोडांकडे आहे. ती पुन्हा उतरवून घेता येते. अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. संपूर्ण कार्यप्रणाली नव्या कार्डावर टाकता येते. खाजगी किल्ल्या १२ किंवा २४ शब्दांच्या रूपाने कागदावर असतील, तर साध्या बिटकॉइनची शिल्लक यंत्र समुद्रात पडले तरी अबाधित राहते.

लाइटनिंगची गोष्ट वेगळी. तेथे दोन पक्षांमधील वाहिनीत प्रत्येक देवघेवीनंतर नवा हिशेब ठरतो व जुना बाद होतो. चालू हिशेब जगाच्या खतावणीत नसतो. तो केवळ या दोन यंत्रांत असतो. बिघाडानंतर घाबरलेल्या मालकाने मागील आठवड्याची संपूर्ण प्रत सर्व्हरवर उतरविली आणि त्या जुन्या हिशेबाने वाहिनी बंद झाली, तर प्रणालीच्या दृष्टीने ती फसवणूक ठरते. दंड म्हणून वाहिनीतील सारी रक्कम समोरच्या पक्षास घेता येते. संगणकशास्त्राच्या प्रत्येक वर्गात 'बॅकअप घ्या व तो परत उतरवा' असे शिकविले जाते. येथे तेच ज्ञान घातक ठरते. एलएनडी या प्रचलित लाइटनिंग प्रणालीत २०१९ पासून यासाठी एक वेगळी लहान फाइल असते. तीत हिशेब नसतो, कोणाशी वाहिनी आहे एवढेच असते. ती वापरल्यास समोरच्या पक्षाला वाहिनी बंद करण्याची विनंती केली जाते. त्याने ती मान्य केली, तर अद्ययावत शिल्लक खतावणीत परत येते. वाहिन्या मोडतात, पैसा बहुधा वाचतो. केवळ २४ शब्दांनी हे साधत नाही.

दुसऱ्या बाजूने काळाचीही मर्यादा आहे. आपला नोड मुका असताना समोरच्याने जुना हिशेब पुढे केल्यास आक्षेप घेण्यासाठी ठरावीक ब्लॉकांची मुदत असते. वाहिनीच्या आकारानुसार ती १४४ ब्लॉक, म्हणजे सुमारे एक दिवस, ते २०१६ ब्लॉक, म्हणजे सुमारे दोन आठवडे असू शकते. एक दिवसाचा वीजखंड सहसा निभावतो. पण गणपतीला कोकणात गेलेल्या कुटुंबाच्या मागे यंत्र बंद पडले, तर दूरवरून पाळत ठेवणारी दुसरी सेवा, जिला 'टेहळणी बुरूज' म्हणतात, आधीच नेमलेली असावी लागते.

ही लहान फाइल आणि शब्दांचा कागद त्याच कपाटात ठेवण्याची सवय मात्र सार्वत्रिक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. ज्यांची कागदपत्रे व त्यांच्या नकला एकाच कपाटात होत्या, त्यांच्या दोन्ही भिजल्या. फाइल प्रत्येक नवी वाहिनी उघडल्यावर बदलते, त्यामुळे तिची प्रत घराबाहेरच्या ठिकाणी आपोआप जाईल अशी व्यवस्था लागते. शब्दांचा कागद मात्र कोणत्याही संगणकावर न चढविता दुसऱ्या वास्तूत, शक्यतो वरच्या मजल्यावर, ठेवावा लागतो.