पुढचा नंबर कुणाचा?

भिवंडीत साध्या यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल टाकलं की आधी कानठळ्या बसतात. कान सरावले की नजर एका माणसावर खिळते. कामगार एकटा आणि त्याच्याभोवती चार, कुठे सहा माग. इकडची कांडी संपली, त्याने बदलली. तिकडे ताण्याचा धागा तुटला, त्याने गाठ मारली. तोवर तिसरा माग अडला. कोणत्याही क्षणी त्याचे हात एकाच मागावर असतात, पण तागे सगळ्या मागांवरून उतरतात.

आता त्याच कारखान्याच्या कचेरीतला किंवा जवळच्या माणकोली-दापोड्याच्या एखाद्या गोदामातला संगणक पाहा. टॅली उघडी, ई-वे बिलाचं पान उघडं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, पाठीमागे बारीक आवाजात गाणं. सगळं एकाच वेळी चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात प्रोसेसरचा एक कोअर त्या त्या क्षणी एकाच कामावर असतो. आजच्या प्रोसेसरमध्ये असे चार-आठ कोअर असतात, पण रांगेतली कामं शेकड्यांनी असतात. त्यातली बहुतेक आपण कधी पाहिलेलीही नसतात.

इथे एक फरक आहे आणि तो थक्क करणारा आहे. कामगार दुसरीकडे वळला तरी पहिला माग खटखटत राहतो. संगणकात कोअरने हात काढला की काम जागच्या जागी थिजतं, बेरीज अर्धवट असली तरी अर्धवटच. हातातले आकडे आणि कुठवर आलो होतो त्याची खूण जपून ठेवली जाते, दुसरं काम उचललं जातं, आणि पुन्हा नंबर आला की पहिलं काम नेमकं तिथूनच पुढे सरकतं. मध्ये आपण थांबलो होतो, याचा त्या कामाला पत्ताही नसतो. विंडोजमध्ये एका खेपेला मिळणारा वेळ ढोबळमानाने सेकंदाचा तिसावा भाग. तीन गिगाहर्ट्झचा कोअर तेवढ्यात दहा कोटी ठोके मारतो. ज्या खिडकीत आपण टाइप करत असतो, तिला विंडोज जरा लांब खेप देते, म्हणून अक्षरं बोटांबरोबर उमटतात.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशात घडवलेला संगणक कामाला लागला, तेव्हा त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. त्या काळच्या यंत्रांवर एकाचं गणित आटपलं की दुसऱ्याचं घ्यायचं, हीच रीत होती. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून दाखवला. प्रत्येकाला यंत्र आपलंच वाटावं, ही किमया तिथून आली.

मग इतका वेगवान संगणक रखडतो का? बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो, जागेचा असतो. चालू कामांना रॅम लागते. ती भरली की विंडोज तिच्यातली काही पानं, म्हणजे माहितीचे तुकडे, उचलून डिस्कवर ठेवते आणि गरज पडली की परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला सेकंदाचा साधारण कोटीवा भाग लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला सेकंदाचा शंभरावा. म्हणजे लाखपट फरक. रॅमला एक सेकंद लागला असं धरलं, तर डिस्कला एका दिवसाहून जास्त लागेल. कामं वाढत गेली की एक वेळ अशी येते की यंत्र पानं आत-बाहेर करण्यातच गुंतून पडतं आणि मूळ काम तसूभरही हलत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली याची मीमांसा केली. त्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की ही घसरण हळूहळू येत नाही. एका मर्यादेपर्यंत सगळं सुरळीत असतं आणि मग आणखी एकच खिडकी उघडली की सारं ठप्प होतं.

म्हणून संगणक मंदावला की लगेच ‘व्हायरस आला’ म्हणू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा रकाना शंभर टक्क्यांच्या आसपास असेल आणि डिस्कही धावत असेल, तर दुखणं तिथे आहे. ब्राउझरची नको असलेली पानं मिटा, संगणक सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम बंद करा. जुन्या यंत्रात रॅम वाढवली आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की नवा संगणक घेण्याचा खर्च अनेकदा वाचतो. दोन अँटिव्हायरस तर एकत्र ठेवूच नयेत. उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासू लागतात.

पण त्याच टास्क मॅनेजरची यादी खालपर्यंत वाचली की खरा प्रश्न समोर येतो. रांगेत उभं कोण आहे? रांगेत आलेल्याला खेप द्यायची, एवढंच यंत्राला ठाऊक. १९४५ साली मांडलेली संगणकाची रचना अशी आहे की आकडेही त्याच स्मृतीत राहतात आणि आज्ञाही. संगणकाची सारी ताकद या एका कल्पनेतून आली आणि सारा धोकाही. आलेलं पत्र नुसतं वाचायचं आहे की त्यातली आज्ञा पाळायची आहे, हे पुष्कळदा आपल्या माऊसच्या दोन टिचक्यांवर ठरतं.

४ मे २००० रोजी हे जगाने पाहिलं. ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची पत्रं फिलिपिन्समधून निघाली. सोबतच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि सर्वांत शेवटी ‘व्हीबीएस’. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट लपवते, त्यामुळे लोकांना दिसली ती साधी मजकुराची फाइल. उघडली ती आज्ञांची यादी. तिने आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडल्या. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलं होतं म्हणूनच लोकांनी ते उघडलं, आणि व्हायरसला हवं होतं तेही नेमकं तेच. फिलिपिन्समध्ये तेव्हा असा गुन्हा सांगणारा कायदाच नव्हता, त्यामुळे खटला उभा राहिला नाही. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला.

भिवंडीच्या कचेरीत प्रेमपत्र येणार नाही. येईल ‘पेमेंट अ‍ॅडव्हाइस’, ‘कोटेशन’, ‘थकीत बिल’. नावात पीडीएफ आणि शेवटी ईएक्सई. किंवा एक्सेलची फाइल, जी उघडताच ‘इनेबल कंटेंट’ दाबायला सांगते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो, म्हणजे आत लिहिलेल्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, पण ऑफिसच्या जुन्या आवृत्त्या अजून चालू आहेत. आजच्या मेलमध्ये पत्र नुसतं वाचल्याने सहसा काही होत नाही. सोबतची फाइल किंवा दुवा उघडल्याने होतं. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करावा, त्या पत्रातल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या नंबरावर.

अँटिव्हायरस हवाच. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. पुण्यात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बाधलेले दिसू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. तरीही अँटिव्हायरसला सीमा आहे आणि ती गणिताची आहे. परका प्रोग्राम पाहून तो व्हायरस आहे की नाही, हे दर वेळी बिनचूक सांगेल असा प्रोग्राम लिहिताच येणार नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केलं. कितीही पैसे मोजले तरी ही उणीव भरून निघत नाही.

आणि सारं जपूनही संकट येऊ शकतं. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मेलची गरजही पडली नाही. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्याने काही तासांत खाल्लं. तिच्याच समूहाचं न्हावाशेव्याचं गेटवे टर्मिनल बंद पडलं आणि जेएनपीटी बंदरात कंटेनरचा खोळंबा झाला. त्या बंदरातला माल भिवंडीच्या गोदामांतही उतरतो. पुढे दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण ते कशावरून उभे करायचे? जाळ्याचा नकाशा जपणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले होते. उरला एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं की ती माहिती शेवटी विमानाने, हातोहात इंग्लंडला पोहोचवावी लागली.

विजेच्या खेळखंडोब्याचा असा उपकार नशिबावर सोडू नका. टॅलीच्या हिशेबाची आणि गिऱ्हाइकांच्या यादीची एक प्रत दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, ती संगणकापासून काढून कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडते का ते पाहा. विंडोजमध्ये फाइलींची शेपटं दिसतील अशी सोय करून घ्यायला तर एक मिनिटही लागत नाही. ते आजच करा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.