सरकत्या लिनक्स-वितरणांतील पुनर्बांधणीचा प्रश्न

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक, वेळू इत्यादी गावांची नावे संगणकाकडून अकारविल्हे लावून घ्यावयाची, तर त्याला मराठीचा वर्णक्रम ठाऊक असावा लागतो. युनिकोडच्या संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत येतो, मराठी कोशांत तो ‘ह’नंतर येतो. म्हणूनच ‘वेस’ हा शब्द कोशात ‘वेळ’च्या आधी, तर निव्वळ संकेतांकांनुसार नंतर पडतो. भाषापरत्वे बदलणारे असे नियम ‘आयसीयू’ या लायब्ररीत ग्रथित केलेले असून लिब्रेऑफिससारखे अनेक प्रोग्रॅम तिच्यावर अवलंबून असतात.

या लायब्ररीची नवी प्रमुख आवृत्ती वर्षातून साधारणतः दोनदा निघते. तिच्यातील फलनांच्या नावांनाच आवृत्तीचा क्रमांक जोडलेला असतो. परिणामी जुन्या आवृत्तीशी जोडलेला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर सुरूच होत नाही. त्याच्या मूळ संहितेत एका अक्षराचाही बदल झालेला नसला, तरी त्याची पुनर्बांधणी करावी लागते.

ठरावीक मुदतीने निघणाऱ्या वितरणांत हे काम प्रकाशनापूर्वीच उरकले जाते. ‘रोलिंग’ अथवा सरकत्या वितरणांना अशी मुदतच नसते. नवे पॅकेज त्वरित द्यावे, तर त्यावर अवलंबून असलेली पॅकेजे मोडतात. सर्वांसाठी थांबावे, तर ताजेपणा हरपतो.

या पेचातून निरनिराळे मार्ग निघाले आहेत. आर्च लिनक्समध्ये पुनर्बांधणी झालेली पॅकेजे प्रथम एका वेगळ्या भांडारात जमवितात व नंतर एकत्रितपणे पुढे सरकवितात. वापरणाऱ्याने निवडक पॅकेजेच अद्ययावत करणे तेथे मान्य नाही. डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेत परस्परावलंबी पॅकेजांचे संक्रमण एकसमयावच्छेदेकरून घडविले जाते. २०१४ साली ‘फॅक्टरी’शी एकरूप झालेल्या ओपनसूसे टम्बलवीडमध्ये संपूर्ण संचाची स्वयंचलित चाचणी होते, संच अनुत्तीर्ण ठरल्यास तो प्रसृत होत नाही.

या तिन्ही पद्धतींत वितरणाचे एकक पॅकेज नसून परस्परांशी जुळणारा संच हे आहे. अर्थात सुरक्षेची एखादी दुरुस्ती लायब्ररीचा बाह्य व्यवहार बदलीत नसेल, तर तिला संचासाठी अडवून ठेवणे घातक होय. ती एकटीच तातडीने गेली पाहिजे. तो व्यवहार बदलत असेल, तर मात्र पुनर्बांधणी पुरी होईपर्यंत थांबणे प्राप्त आहे. तात्पर्य, प्रकाशनाची गती दिनदर्शिकेवरून नव्हे, तर बदलाच्या स्वरूपावरून ठरविणे युक्त होय.