अंड्याची टरफलं आणि काळी माती

टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग दिसला की सल्ला ठरलेला: कॅल्शियम कमी पडलंय, अंड्याची टरफलं घाला. फळात कॅल्शियम कमी पडतं, हे खरं. मातीत कमी असतं, हे मात्र सहसा खरं नाही. सोलापूर-परभणीकडची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, बहुतेक ठिकाणी चुनखडीची. ढेकूळ फोडलं तर पांढरे खडे हाती येतात; त्यांवर व्हिनेगर टाका, फसफसतील. टरफलातही सुमारे ९५ टक्के हाच पदार्थ असतो, कॅल्शियम कार्बोनेट. तो विरघळायला आम्लता लागते. सामू ८ च्या आसपास असलेल्या मातीत टरफलं पुढच्या हंगामातही जवळपास तशीच सापडतात.

मग डाग कशाचा? बहुधा पाण्याचा. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि त्यातलं बरंचसं पानं ओढून घेतात. दोन दिवस कुंडी कोरडी, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं चाललं की फळ उपाशी राहतं.

कोकणातल्या जांभ्याच्या मातीत हिशेब उलटा. तिथल्या पावसाने चुना धुऊन नेलेला, माती आम्ल. तिथे चुना घालण्यात अर्थ आहे.

पानं पिवळी पडली की एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), हाही असाच सरसकट उपाय. आधी पान बघावं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे कोवळ्या पानांवर असेल तर शंका लोहाची. खालच्या जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियमची. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. तिथे एप्सम सॉल्ट काय करणार?

चिकण मातीत घमेलंभर वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल, त्यापेक्षा चांगलं कुजलेलं कंपोस्ट घाला. कुंडीच्या तळाशी खडी पसरण्याचंही तेच. बारीक मातीतलं पाणी खडीच्या सीमेवर अडतं, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत खाली उतरत नाही. म्हणजे ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवा, पुरे.

शेणखत मात्र कुजलेलंच हवं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळंच खातात. वापरण्याआधी खत पसरून चाळवून बघा, पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या लगेच दिसतात.